अर्ध्या साकवाची वाटणी

लिहून ठेवणार गंगव्वा, भ्रतार लिंगैक्य सिद्धराम मेदार, वय पासष्टच्या आसपास, धंदा बांबूकाम, राहणार मौजे हिप्परवाडी, तालुका भालकी, जिल्हा बीदर, हैदराबाद राज्य. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत पाणी झाले आहे असे भालकीचे डॉक्टर म्हणतात, पाय सुजले आहेत आणि उंबऱ्यापर्यंत गेले तरी दम लागतो. पण कोणाला काय द्यायचे आणि का द्यायचे हे मला नीट कळते. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी वळवलेलेही नाही. तसे करायला या घरात कोणाला सवड नाही. मला लिहिता येत नाही म्हणून मी सांगते आणि शाळेचे गुंडेराव मास्तर लिहितात. माझे बोलणे ते शुद्ध करून लिहितात, त्याला माझी हरकत नाही. मात्र अर्थ बदलला तर वाचून दाखवताना मला कळेल, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

याआधी मी असा कागद कधी केलेला नाही. आता करण्याचे एक कारण माझी प्रकृती. दुसरे असे की येत्या पहिल्या तारखेपासून मांजरा नदीच्या आमच्या काठाला एक राज्य आणि समोरच्या काठाला दुसरे राज्य होणार आहे. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून सांगितले: आपण म्हैसूर राज्यात, समोरची माळसांगवी मुंबई राज्यात. माझी मुलगी समोर, मुलगा इकडे, आणि जमिनीचे तुकडे दोन्हीकडे आहेत. दोन्ही काठ एका जिल्ह्यात आहेत तोवर हे लिहून टाकावे असे वाटले.

कलम पहिले. गावातले माळवदाचे दोन खणांचे घर, अंगण आणि मागची बांबू भिजवण्याची टाकी हे सर्व मी माझी सून रुद्रम्मा हिला देते. माझा एकुलता एक मुलगा सोमशेखर हा तिचा नवरा. तो गुलबर्ग्याला गिरणीत आहे आणि सणाला येतो. सणाला येणाऱ्याला घर देऊन मी काय करू? रुद्रम्मा भांडकुदळ आहे, वरणात मीठ जास्त घालते, आणि मी काही म्हटले की भांडी आपटते. पण गेले वर्षभर तीच मला उठवते, बसवते, न्हाऊ घालते, आणि त्यासाठी तिने एकदाही नाक मुरडलेले नाही. सोमशेखरने तिला विचारल्याशिवाय या घराचे काही करू नये. माळवद पश्चिमेच्या कोपऱ्यात गळते, तिथे पांढरी माती पावसाळ्याआधी टाकावी. नंतर टाकून उपयोग होत नाही, हे मी त्याला दर वर्षी सांगत आले आहे.

पुढची कलमे समजायला आमचा नदीवरचा बांबूचा साकव समजला पाहिजे. मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात एवढे लागत नाही. लागते.

दिवाळी झाली की नदी उतरते. मग तीन बांबू डोक्याशी एकत्र बांधून त्यांचे पाय फाकवायचे. असे तिकाटणे पाण्यात उभे करायचे, त्याच्या पोटात विणलेले डालगे बसवायचे आणि डालग्यात नदीचे गोटे भरायचे. रिकामे तिकाटणे नदी उचलून नेते, भरलेले जागचे हलत नाही. अशी तिकाटणी दोन्ही काठांपासून मध्यापर्यंत लावत जायची. त्यांच्यावर लांब बांबू, बांबूंवर कामट्यांचे तट्टे, तट्ट्यांवर तुराट्या आणि निर्गुडीचा पाला, आणि वर माती थापायची. खिळा एकही नाही. सगळे अंबाडीच्या ओल्या दोराने बांधायचे, म्हणजे वाळताना तो आपोआप आवळतो. या साकवावरून गाडी-बैल जात नाहीत, पण डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते, शेळी जाते, पोटुशी पोर माहेरी येते. ज्येष्ठ लागला की सगळे उतरवून घरी आणायचे. आणायला उशीर झाला तर नदी नेते, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पहिल्यापासून बांधायचे. माझ्या लग्नापासून मी हेच करत आले. कंटाळा आला का, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर हो म्हणाले असते.

अर्धा साकव हिप्परवाडीच्या मेदाराने बांधायचा, अर्धा माळसांगवीच्या मेदाराने. मध्ये एक वाव, म्हणजे दोन हात पसरल्याएवढी, जागा मोकळी सोडायची आणि ती शेवटी जोडायची. दोन्ही घरचा एकेक माणूस मध्यावर येऊन पोटावर पडतो, तट्ट्याखालून दोर घेतो. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. या गाठीला आम्ही सोयरगाठ म्हणतो. ती एकट्याला बांधता येत नाही. ज्येष्ठात सोडतानाही दोघांनी दोन्हीकडून एकदम ढील द्यावी लागते. ती सोडायची असते, कापायची नसते. सोयरगाठ कापली तर त्या दोन घरांची सोयरीक कापली, असे आमच्यात मानतात.

आणि आमची सोयरीक साकवावरूनच चालत आली आहे. मी माळसांगवीच्या मेदाराची लेक, हिप्परवाडीत दिली. माझी लेक कमलम्मा परत माळसांगवीला, माझा धाकटा भाऊ अमृतप्पा याच्या मुलाला दिली. तिला सहा-सात महिने मला भेटता येते ते साकव असतो तेव्हा. पावसाळ्यात आम्ही आपापल्या काठावर उभ्या राहून हाका मारतो, आणि वारा असला तर तेही ऐकू येत नाही.

कलम दुसरे. नदीच्या या काठावरचे माझे वेळूचे बेट, पूर्वेस नदी, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस शिवय्या स्वामींचे वावर, उत्तरेस ओढा, हे मी माझी मुलगी कमलम्मा हिला देते. पूर्वेची हद्द दर पावसाळ्यात थोडी सरकते, त्याबद्दल कोणी कज्जा करू नये. बेटातला बांबू वद्य पक्षात तोडावा, नाहीतर त्याला भुंगा लागतो. कोवळा तोडू नये. मधल्या बुंध्यांना हात लावू नये, कडेचे घ्यावेत.

कलम तिसरे. समोरच्या काठावर, माळसांगवीच्या शिवारात, माझ्या वडिलांनी मला चोळी-बांगडीसाठी दिलेला जमिनीचा पट्टा आहे. त्यात अंबाडी होते. तो मी सोमशेखरला देते.

मास्तरांनी इथे लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "गंगव्वा, उलटं झालं. लेक पलीकडे, तिला अलीकडचं बेट. लेक अलीकडे... म्हणजे मुलगा अलीकडे, त्याला पलीकडची अंबाडी. आता तर राज्यंही दोन होणार." मी म्हटले, "उलटं न्हाई मास्तर. तसंच लिवा."

कारण सांगते. या दसऱ्याला सोमशेखर आला तो एका ठेकेदाराला घेऊनच. ठेकेदाराने बेटाला फेरी मारली, जणू बाजारातली म्हैस पाहत होता. रात्री जेवताना सोमशेखर म्हणाला, "अव्वा, बेट इकून टाकू. त्यो सगळंच उचलायलाय. आता साकव कोन बांधायलाय? सरकार पूल बांधनार हाय."

"कवा?"

"बांधंल की."

"बांधू दे. तंवर मान्सानं कसं जायाचं?"

"तंवर जायाचंच कशाला? तिकडं येगळं राज्य व्हायलंय."

पोटच्या पोराने हे म्हणावे याचे मला फार वाईट वाटले. त्याची सख्खी बहीण तिकडे आहे. पण तो वाईट नाही, दमलेला आहे. गिरणीत उभे राहून राहून माणूस असे बोलतो. म्हणून मी हे असे वाटले आहे. बांबू कमलम्माचा, पण तो तोडायला तिला इकडे यावे लागेल. दोर सोमशेखरचा, पण अंबाडी कापायला त्याला तिकडे जावे लागेल. बांबूवाचून साकव होत नाही आणि दोरावाचूनही होत नाही. दोघांपैकी कोणालाही आपला हिस्सा दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येणार नाही, ही अट मास्तरांनी पक्क्या शब्दांत लिहावी. मी गेल्यावर दोघांनी मिळून साकव बांधला नाही तरी नदी काही म्हणणार नाही. पण मग बहीणभाऊ फक्त लग्नामयतीला भेटतील, आणि तेही पाणी उतरलेले असेल तर.

कलम चौथे. हत्यारे. आरी, दोन सुऱ्या, लाकडी मोगर आणि दोर वळण्याची फिरकी ही रुद्रम्माला द्यावी. तिचा हात बसू लागला आहे. माझ्या वडिलांचा कोयता आहे. तो त्यांनी मुलाला न देता मला दिला, कारण माझी कामटी सरळ निघत असे आणि अमृतप्पाची बाजूला जाई. त्याचा अमृतप्पाने मनात राग धरला. तर तो कोयता आता अमृतप्पा, राहणार माळसांगवी, यास द्यावा. कापण्याची त्याला हौस आहे.

याचा खुलासा करणे भाग आहे. रझाकारांच्या गडबडीच्या वर्षी, १९४८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, साकव उभा होता. टोळ्या फिरत होत्या. टोळी माळसांगवीकडे आहे असे इकडे म्हणत, हिप्परवाडीकडे आहे असे तिकडे म्हणत. एका तिन्हीसांजेला अमृतप्पाने मध्यावर येऊन सोयरगाठ कापली. सकाळी पाहिले तर त्याचा अर्धा साकव वाहून बाजूला पडलेला आणि आमच्या बाजूला दोराचे कापलेले टोक लोंबत होते. मला हाक नाही, निरोप नाही. आपले गाव वाचवण्यासाठी त्याने आम्हाला तोडून टाकले, असे सगळे म्हणाले आणि मलाही दुसरे काही सुचले नाही. त्यानंतर दोन्ही काठांवर पहारे बसले, पाण्यात उतरणाऱ्यावर दगड येऊ लागले. त्याच आठवड्यात, आधीच अंथरुणाला खिळलेला माझा नवरा सिद्धराम वारला. कमलम्मा समोरच्या काठावर उभी होती. आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात; बापाला असे खड्ड्यात बसवताना तिने नदीपलीकडून पाहिले. तिच्या हातची मूठभर माती त्याला मिळाली नाही.

तेव्हापासून मी अमृतप्पाशी बोललेले नाही. साकव मात्र दर वर्षी बांधला, कारण कमलम्माला यायचे असते आणि दोन्ही गावांना लागतो. सिद्धरामच्या जागी मीच मध्यावर जाऊन पोटावर पडू लागले. समोर तो. वीतभरावर त्याचे तोंड, दोराची दोन टोके दोघांच्या हातात, आणि शब्द नाही. आठ वर्षे आम्ही अशी गाठ बांधली आणि सोडली. माझ्यात आता तेवढा राग धरण्याचीही ताकद उरलेली नाही, पण सोडायचा कसा तेही कळत नाही.

कलम पाचवे. मला सिद्धरामच्या शेजारी, नदीकाठच्या रुद्रभूमीत बसवावे. गळ्यातले लिंग कोणाला द्यायचे नसते, ते माझ्या तळहातावर ठेवावे. जेवणावळ साधी करावी. आणि कमलम्माने माती टाकल्याशिवाय खड्डा बुजवू नये. हे एवढेच मला या कागदात खरोखर हवे आहे, बाकीचे वाटणीचे आहे.

अडचण अशी की आज नदीला गळाभर पाणी आहे आणि ओढ आहे. साकव व्हायला कार्तिक सरेल. यंदा पाऊसही लांबला. खरे सांगते, मी फार थकले आहे. डोळे मिटताना ते पुन्हा उघडू नयेत असे वाटते. पण साकव होण्याआधी डोळे मिटले तर कमलम्मा पुन्हा त्याच काठावर उभी राहील, आणि ते मला सहन होत नाही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मास्तर पहिल्यापासून वाचून दाखवत होते. ते चौथ्या कलमावर आले तेव्हा रुद्रम्मा दारात येऊन म्हणाली, "अव्वा, माळसांगवीचे मामा आल्यात. वल्लेचिंब हायत." रुद्रम्माने सकाळी नदीवर जाऊन, मला न विचारता, हाका मारून सांगितले होते की अव्वा कागद करायलीय. ते ऐकून अमृतप्पा भोपळ्यांच्या सांगडीवर पोट टाकून, हात मारत नदी उतरून आला होता. त्याचे वय साठ आहे. या वयात हा शहाणपणा म्हणायचा का, मला माहीत नाही. मास्तर आपल्या नादात वाचतच राहिले, आणि कापण्याची हौस, सोयरगाठ, सिद्धरामचा खड्डा, हे सगळे त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकले. रुद्रम्माने घोंगडी दिली ती त्याने अंगावर घेतली नाही, हातातच धरली.

वाचणे संपले तेव्हा तो म्हणाला, "अक्का, बोलू का?"

मी मास्तरांना म्हटले, "त्यो काय म्हनतोय ते बी लिवा." म्हणून हे लिहिले आहे.

तो म्हणाला, "टोळी तुमच्या काठाला न्हवती, अक्का. माळसांगवीतच हुती. बंदुका हुत्या. साकवावरून हिप्परवाडीत उतरायचं म्हनत हुते. वाट दावनारे आमच्याच गावचे दोघं हुते. त्यांची नावं म्या तवा सांगितली न्हाईत, आज बी सांगनार न्हाई, त्यांची लेकरंबाळं गावात नांदायल्यात. म्या त्यांच्या म्होरं पळालो. दाजी अंथरुनात, गाठ सोडायला तूच लागत हुतीस, म्हून कापली."

मी म्हटले, "मग हाक कामून मारली न्हाईस? आज रुद्रम्माची हाक तुला ऐकू गेली की."

"मारली असती तर तू आली असतीस."

"व्हय. आले असते."

"मधी येऊन पोटावर निजली असतीस, अक्का. अन् ते माज्या पाठीमागंच हुते."

मला रडू आले आणि रागही आला. मी म्हटले, "आठ वर्सं माज्या तोंडाम्होरं पडायलास, तवा का सांगितलं न्हाईस?"

"तू माज्याकडं बगत बी न्हवतीस. अन् दाजी तर गेलेच हुते. सांगून कमळीला बाप दिसला असता का?"

मास्तरांनी विचारले, चौथे कलम खोडू का. खोडू नये. आठ वर्षे मला जे ठाऊक होते ते त्यात आहे. त्याच्याखाली एवढेच लिहावे की अमृतप्पाने हाक मारली असती तर मी गेले असते, हे त्याला माझ्याआधी कळले होते. माफ केले वगैरे लिहू नये. तसे शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही.

दोन साक्षीदार पाहिजेत. एक शिवय्या स्वामी, ते सकाळपासून बसून आहेत. दुसरा कोणी मिळेना, तेव्हा अमृतप्पा म्हणाला, "म्या करतो सही." मास्तर म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याचीच साक्ष असणे बरे दिसत नाही, पुढे कोणी बोट दाखवेल. तो म्हणाला, "मग कोयता कमळीला लिवा. तिची कामटी सरळ निगतीय, तिच्या आईवर गेलीय." त्याप्रमाणे कोयता कमलम्माला द्यावा.

सही करायला तो जवळ आला तेव्हाही त्याचे कपडे ओलेच होते. मी त्याला घोंगडी पांघरायला सांगितले. तो पायाशी बसला आणि म्हणाला, "अक्का, म्या उद्यापासनंच तिकाटनी लावतो. पोरगा हाय संगं, कमळी हाय. गळ्याइतक्या पान्यात उतरून लावतो. आठ-धा दिसांत मधी येतो बग."

नदी अजून भरलेली आहे. या ओढीत डालगे भरायला उतरले तर तो स्वतःच वाहून जाईल, आणि मग माझ्या लेकीला दोन्हीकडून रडावे लागेल. मी त्याला म्हटले ते मास्तरांनी मी बोलले तसेच लिहावे:

"पानी उतरू दे, अमृत. घाई करू नगं. म्या थांबते."

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, वाचून घेऊन, पटल्यावर अंगठा करून दिले.

गंगव्वा भ्रतार सिद्धराम मेदार, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार: गुंडेराव मास्तर, हिप्परवाडी

साक्षीदार:
१. शिवय्या स्वामी, राहणार हिप्परवाडी, सही
२. अमृतप्पा मेदार, राहणार माळसांगवी, सही

मुक्काम हिप्परवाडी, अश्विन वद्य पंचमी, शके १८७८, बुधवार, ता. २४ ऑक्टोबर १९५६